सड्यावरचा हत्ती कुठून पाहायचा?

राजापूर तालुक्यात कशेळी गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, जांभ्या दगडात एक हत्ती कोरलेला आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या देहाच्या रेषेत आणखी सत्तरहून अधिक आकृत्या सामावलेल्या आहेत. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, मोबाइलवर या हत्तीचं जे चित्र आपण पाहतो ते उंचावरून घेतलेलं असतं. सड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हत्ती दिसत नाही. त्याला पायाशी एक उथळ चर दिसतो, कडा झिजलेल्या, तळाशी माती आणि वाळकं गवत. चराचा माग काढत गेलं की तो वळतो, कुठे दुसऱ्या चराला मिळतो, कुठे कातळाच्या भेगेत हरवतो. हा सोंडेचा वाक की पायाचा, हे कुणी दाखवल्याशिवाय उमगत नाही. ड्रोन वर गेला की हीच गुंतागुंत क्षणात सुटते आणि अख्खा हत्ती समोर येतो. पुरातत्त्वात ड्रोन आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर), म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर पडद्यातून आकृत्या चढवणारं तंत्र, यांचा जो गवगवा चालू आहे तो बहुतेक अशाच क्षणांच्या जोरावर. गवगवा अगदीच निराधार नाही. पण या दोन यंत्रांकडून आपण चुकीच्या गोष्टीची अपेक्षा धरतो आहोत, असं मला वाटतं. ड्रोन हे मुळात मोजण्याचं साधन आहे, आपण त्याला पाहण्याचं साधन समजतो. आणि जिचा उपयोग नीट पाहायला व्हायला हवा त्या एआरला आपण तमाशाला जुंपायला निघालो आहोत.

कोकणातली कातळशिल्पं ड्रोननं शोधली, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२च्या सुमारास हा शोध नेटानं हाती घेतला तो पायी फिरून, गावोगावच्या माणसांना विचारून. कुठल्या सड्यावर काय 'कोरलेलं' आहे हे गुरं राखणाऱ्याला, गवत कापणाऱ्याला, जमिनीच्या मालकाला ठाऊक होतं. काही ठिकाणी तर त्याला हळदकुंकू लागत होतं. गोव्यातल्या कुशावती नदीकाठच्या उसगाळीमळ येथल्या शिल्पांची कथाही तीच. १९९३मध्ये पुरातत्त्वज्ञांना तिथे नेलं ते गावकऱ्यांनी. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून शिल्पांची मोजदाद हजारावर गेली आहे. महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली: कशेळी, बारसू, देवाचं गोठणं, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, रुंढेतळी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ, म्हणजेच उसगाळीमळ. या यादीमागे आहेत ती चालून दमलेली माणसं. मग ड्रोन कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे.

उत्तर मोजणीत आहे. सड्यावरचं एक मोठं शिल्प हातानं कागदावर उतरवायचं तर त्यावर दोऱ्यांची चौकट टाकायची, मीटरभराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातली रेषा आलेख कागदावर काढायची. यात दिवस जातात, आणि काढणाऱ्यानं जी रेषा माणसानं कोरलेली मानली तीच कागदावर येते. ज्या भेगेला त्यानं नैसर्गिक ठरवलं ती कायमची गळते. ड्रोन हेच काम वेगळ्या रीतीनं करतो. तो ठरावीक उंचीवरून, शेताला नांगर घालावा तसा समांतर पट्ट्यांत उडतो आणि कॅमेरा सरळ खाली रोखून शेकडो छायाचित्रं घेतो. प्रत्येक छायाचित्राचा सत्तर-ऐंशी टक्के भाग आधीच्या छायाचित्राशी जुळेल अशी आखणी असते. कातळावरचा एकच बिंदू अनेक कोनांतून टिपला गेला की संगणक त्रिकोणमितीनं त्याची जागा आणि उंची काढतो. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. जमिनीवर आधीच काही खुणा मांडून अचूक जीपीएसनं त्यांची जागा मोजलेली असते, त्यामुळे सगळा नकाशा पृथ्वीवरच्या खऱ्या जागेला टाचला जातो. तीसेक मीटर उंचीवरून चांगल्या कॅमेऱ्यानं एका पिक्सेलमागे साधारण एक सेंटिमीटर एवढा तपशील मिळतो, खाली उतरलं तर त्याहून बारीक. हाती जे येतं ते नुसतं चित्र नसतं. त्यातून चराची रुंदी मोजता येते, खोली अजमावता येते, संगणकावर कृत्रिम सूर्य क्षितिजाजवळ आणून तिरपा उजेड पाडता येतो आणि डोळ्यांना न दिसलेली झिजकी रेषा सावलीतून वर काढता येते. मुख्य म्हणजे माझा अर्थ पटला नाही तर तुम्हाला तोच कातळ पुन्हा तपासता येतो. कोणती भेग नैसर्गिक आणि कोणती कोरलेली हा वाद नोंदीबरोबर मिटत नाही, जिवंत राहतो. विद्येच्या दृष्टीनं ही मोठी कमाई आहे.

तरी यंत्राच्या मर्यादा सड्यावर लगेच कळतात. पावसाळ्यात आणि नंतर काही महिने सडा गवतानं झाकलेला असतो, कॅमेऱ्याला त्याखालचं काही दिसत नाही. भर दुपारी सावली नसते आणि कातळ सपाट दिसतो. चरात माती भरलेली असेल तर आधी माणसाला ओणवं होऊन, कातळ न खरवडता, ती हलकेच काढावी लागते. आणि कितीही बारीक मोजलं तरी शिल्पाचं वय त्यातून निघत नाही. जांभ्यावरच्या कोरीव रेषेत कोळसा, हाड असं कालमापनाला लागणारं काही उरलेलं नसतं. आज कोकणात नसलेला गेंडा शिल्पांत दिसतो, शेतीची चित्रं दिसत नाहीत, यावरून कोरणारे शिकार आणि अन्नसंकलनावर जगणारे असावेत असा तर्क मांडला गेला आहे. हा तर्क चित्रांच्या वाचनातून आला. तो पक्का व्हायचा किंवा मोडायचा तर आसपासच्या गुहांत आणि वस्त्यांच्या जागी खोदकाम करावं लागेल. ड्रोन तिथे केवळ साक्षीला असेल.

उंचावरून भूतकाळ पाहणं काही नवं नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचं छायाचित्र १९०६मध्ये लष्करी बलूनमधून घेतलं गेलं, आणि पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी शिकलेल्यांनी पुढे तीच नजर पुराणवस्तूंकडे वळवली. ड्रोननं ही नजर स्वस्त केली आणि सामान्य माणसाच्या हाती दिली, एवढाच फरक. एवढाच म्हटलं तरी तो लहान नाही. २०१८च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये कडक दुष्काळ पडला, तेव्हा न्यूग्रेंजजवळच्या शेतात पिकाच्या रंगातल्या फरकातून जमिनीखालच्या एका प्राचीन वर्तुळाकार वास्तूची आकृती उमटली. जिथे जुने खड्डे बुजलेले होते तिथे ओल जास्त टिकली आणि पीक हिरवं राहिलं. ती टिपली हौशी मंडळींच्या ड्रोननं. सरकारी विमानाची वाट पाहिली असती तर पाऊस पडून आकृती पुसून गेली असती.

पण उंचावरच्या नजरेला एक खोट आहे, आणि माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे. कशेळीचा हत्ती ज्यांनी कोरला त्यांना तो आपल्याला दिसतो तसा कधीच दिसला नाही. त्यांच्यापाशी उंची नव्हती. सडा सपाट आहे, जवळ टेकाड असलं तरी तिथून दिसणारं दृश्य तिरपं आणि दबलेलं. त्यांनी तो हत्ती चालून आखला, बसून कोरला आणि बहुधा चालूनच अनुभवला. सोंडेपासून शेपटापर्यंत पावलं टाकताना पोटातल्या लहान आकृत्या एकेक करून भेटत असतील. ड्रोनचं चित्र या अनुभवाचं पोस्टर करून टाकतं, आणि एकदा ते पोस्टर डोळ्यांत बसलं की आपण तर्कही त्यावरून लढवू लागतो: हे आकाशातल्या कुणासाठी कोरलं असेल, इथपर्यंत. पेरूमधल्या नाझकाच्या वाळवंटातल्या आकृत्यांनी अशा कल्पनांना दशकानुदशकं खाद्य पुरवलं. यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी आयबीएमच्या साथीनं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं हवाई छायाचित्रं चाळून २०२४मध्ये तिथे ३०३ नव्या आकृत्या जाहीर केल्या. यंत्रानं जागा सुचवल्या, खातरजमा माणसांनी तिथे जाऊन केली. त्या निष्कर्षातली आकड्याहून मोलाची गोष्ट वेगळीच होती. लहान, उठावाच्या आकृत्या मुख्यतः जुन्या पाऊलवाटांच्या कडेनं आढळल्या, म्हणजे जाता-येता माणसांनी पाहाव्यात अशा. आकाशातून शोधलेल्या चित्रांनी शेवटी संशोधकांना पाऊलवाटेवरच आणून सोडलं.

एआरचं खरं काम इथे सुरू होतं. ड्रोननं केलेलं मोजमाप कपाटात किंवा पोस्टरवर न ठेवता ज्या जमिनीवरून ते उचललं तिथे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, परत ठेवायचं. सड्यावर उभं राहून फोन समोर धरला की झिजलेला चर पडद्यावर उजळून दिसावा, आपण पाऊल टाकू तशी रेषा पुढे सरकावी, आणि शेवटी कळावं की आपण सोंडेवरून चालत आलो. ही कल्पना नवी नाही. ग्रीसमधल्या ऑलिंपियात 'आर्किओगाइड' नावाच्या युरोपीय प्रकल्पानं या शतकाच्या आरंभीच हे करून पाहिलं. तेव्हा पाहुण्याच्या पाठीवर संगणकाचं ओझं आणि डोळ्यांवर जाडजूड चष्मा असे. आता तेवढं काम खिशातला फोन करतो, पण सड्यावर तो अडखळतो. साध्या फोनचं जीपीएस काही मीटरनी चुकतं आणि कातळावर काही मीटरची चूक म्हणजे हत्तीचा पाय रानडुकराला लागणं. कडक उन्हात पडदा दिसत नाही. देवाच्या गोठण्याची गंमत तर वेगळीच. तिथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई दिशा चुकते, असं नोंदवलं गेलं आहे. फोनला कोणत्या दिशेला रोखलं आहे हे कळतं ते त्याच्यातल्या इवल्याशा होकायंत्रावरून, आणि ड्रोनलाही दिशेसाठी तसलाच आधार लागतो. म्हणजे ज्या दगडाची ओळख करून द्यायची तोच दगड यंत्राला चकवणार. उपाय नाही असं नाही. कातळावरच्या ओळखीच्या खाचा-भेगा कॅमेऱ्यानं हेरून त्यांच्याशी आकृती जुळवता येते, पण त्यासाठी त्या खाचांचा अचूक नकाशा आधी हवा. फिरून गोष्ट पुन्हा मोजणीपाशीच येते.

आता तमाशाचा भाग. एआर म्हटलं की आपल्याकडे प्रस्तावांमध्ये सड्यावरून धावणारे गेंडे, रायगडावर भरलेला दरबार आणि नगारखान्याचा आवाज येतो. लोकांना हे आवडेल यात शंका नाही. पण रायगडाचंच उदाहरण घ्या. राजवाड्याची आणि राण्यांच्या महालांची जोती आज उभी आहेत. त्यावरचं लाकडी बांधकाम १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात लागलेल्या आगीत गेलं. जोत्याची लांबी-रुंदी मोजता येते, खांबांच्या जागांवरून दालनांची मांडणी ताडता येते. राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं सिंहासनाजवळची राजचिन्हं टिपून ठेवली. पण छपराचा उतार केवढा होता, खांबांवर कोरीव काम कसलं होतं, भिंतींना रंग कोणता, हे त्यातून ठरत नाही. चित्रकार मात्र छप्पर अर्धवट सोडू शकत नाही, त्याला काहीतरी काढावंच लागतं. मग तो मराठा वाड्यांचे नंतरच्या काळातले नमुने उचलतो, थोडा राजस्थानी साज चढवतो, आणि पडद्यावर चढलेली ती अटकळ पाहणाऱ्याच्या मनात इतिहास म्हणून बसते. खऱ्या जोत्यावर उभं राहून पाहिल्यामुळे ती पुस्तकातल्या चित्राहून घट्ट बसते, धोका आहे तो याचा. या धोक्याची जाण अभ्यासकांना आहे. संगणकीय पुनर्रचनेत पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होतं हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, असा आग्रह २००९मध्ये सध्याच्या रूपात आलेल्या 'लंडन चार्टर'नं धरला आहे. करायला हे अवघडही नाही. जे मोजलेलं आहे ते भरीव, जे ताडलेलं आहे ते पारदर्शक, जे निव्वळ कल्पनेतलं आहे ते नुसत्या रेघेनं काढायचं. एकाच जोत्यावर दोन पर्यायी छपरं दाखवायची सोय ठेवायची. रोममधल्या आरा पाचिस या संगमरवरी वेदीवर २०१६पासून पाहुण्यांना चष्म्यातून मूळचे रंग दाखवले गेले ते प्रयोगशाळेतली तपासणी आणि रोमन चित्रांशी तुलना यांच्या आधारे. तिथेही प्रत्येक छटेची खात्री नाहीच, पण रंग कुठून आला या प्रश्नाला उत्तर आहे.

एक आक्षेप असा की फोनमुळे माणूस खरी वस्तू पाहायचं सोडून पडदाच पाहत बसतो. तो मला अर्धाच पटतो. अजिंठ्यासारख्या ठिकाणी, जिथे चित्र डोळ्यांसमोर आहे, तिथे पडदा मध्ये आणणं मलाही नको वाटतं. कातळशिल्पाचं तसं नाही, तिथे नुसत्या डोळ्यांना काही उलगडत नाही म्हणून लोक पाच मिनिटांत कंटाळून परततात, किंवा नीट दिसावं म्हणून चरात चुना आणि रंग भरतात. पडद्यावर उजळणारी रेषा कातळाला न शिवता तेच काम करते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अचूक नकाशे आणि सुबक व्हिडिओ यांमुळे निर्जन जागांचा पत्ता सगळ्यांना कळतो, गाड्या थेट सड्यावर चढतात, नावं कोरली जातात. नाझकात २०१४मध्ये एका पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रसिद्धीसाठी हमिंगबर्डच्या आकृतीजवळ जाऊन पावलांचे कायमचे ठसे उमटवले. हेतू चांगला असून हे झालं. तेव्हा नकाशा केला म्हणजे तो सगळ्यांपुढे मांडलाच पाहिजे असं नाही. उक्षीसारख्या, पाहण्याची सोय आणि राखण असलेल्या जागा खुल्या करता येतात. बाकीच्यांचा अचूक ठावठिकाणा अभ्यासक, गाव आणि शासन यांच्यापुरता ठेवता येतो. लपवून जागा वाचतात हा मात्र भ्रम आहे, कारण कोकणात शिल्पाला खरा धोका पर्यटकापेक्षा त्या शिल्पाची खबरच नसलेल्या माणसाचा आहे.

सडा म्हणजे सरकारी कागदावर बहुधा पडीक. त्यात चिरेखाणी निघतात, रस्ते जातात, कलमांच्या बागांसाठी कातळ फोडून खड्डे घेतले जातात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा कुठे राज्याच्या इतर भागांतल्या पुष्कळांना कळलं की तिथे कातळशिल्पं आहेत. बहुतेक शिल्पं खासगी जमिनीत आहेत. चिरेखाणीला परवानगी मागताना अर्जात गट नंबर असतो. त्या गटात कुठे काय कोरलेलं आहे हे परवानगी देणाऱ्याच्या समोरच्या नकाशावर नसेल तर त्याला दोष तरी कसा द्यायचा? इथे ड्रोनच्या सेंटिमीटरभर अचूकतेचं मोल पैशात मोजता येईल असं आहे. शिल्पाची हद्द गट नंबरांच्या नकाशावर चढवली, त्याभोवती राखीव पट्टा आखला आणि ती नोंद महसूल खात्याच्या प्रणालीत गेली, की अर्ज आल्या क्षणी तो अडेल. जमीनमालकाला मोबदला काय, बागेचं नुकसान कसं भरून द्यायचं, ही बोलणीही मग नेमक्या गुंठ्यांवर करता येतील. आज ती 'सगळा सडाच जाणार' या धास्तीवर होतात.

यंत्रं नाहीत, माणसं नाहीत, पैसा नाही, हे कारण निदान महाराष्ट्रात तरी टिकणारं नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोननं मोजणी करून पाहिल्यावर ते काम राज्यभर पसरलं, आणि २४ एप्रिल २०२०ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन देशभरातल्या गावांवरून उडाले. २०२१च्या ड्रोन नियमांनी परवानग्यांचं जंजाळही बरंच कमी केलं. उड्डाणं आखणारे, खुणा मांडणारे, नकाशे जोडणारे हात या खात्यांत तयार आहेत. फक्त स्वामित्वची मोजणी वस्तीपुरती असते. गावठाणाच्या शेवटच्या घरापाशी ड्रोन वळतो, आणि सडा त्याच्या पलीकडे आहे. तिथवर जायचं तर बॅटरीची आणखी एक जोडी लागेल आणि भूमी अभिलेख व पुरातत्त्व या दोन खात्यांना एका टेबलाशी बसावं लागेल. यातली बॅटरी बाजारात मिळते.